स्काइप सांगता, तर जूस्टही सांगा: नागपुरातल्या उद्योजकता कक्षांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधील उद्योजकता कक्षांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सत्रात माझ्या मुलीच्या कॉलेजात ‘स्टार्टअप दिवस’ झाला. पालकांनाही बोलावणं होतं, म्हणून दुकान भाच्याच्या भरवशावर टाकून गेलो. हॉलच्या दाराशी मोठा फ्लेक्स लावलेला, त्यावर दोन गोरे तरुण आणि खाली ओळ: ‘शाळा सोडली, जग बदललं.’ आत वक्त्यांनी पंधरा मिनिटांत स्काइपची, म्हणजे इंटरनेटवरून बोलायच्या प्रोग्रामची, कथा उरकली. दोन मित्र, एक कल्पना, दोन वर्षं, अब्जावधी डॉलर. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली पोरगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, यायनंच तुमचा धंदा बुडवला ना?"

मी "हव" म्हटलं आणि हसलो. पण ते खरं नाही. फ्लेक्सवरचंही अर्धंच खरं आहे. आणि त्याच दोघांनी पुढे काढलेल्या, बुडालेल्या जूस्ट या इंटरनेटवरच्या टीव्हीचं तर कोणी नावही काढलं नाही. घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख. १९९३ पासून सोळा वर्षं मेडिकल चौकाजवळ माझा एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन गावोगावी फोन लावायचं दुकान होतं. पिवळा बोर्ड, काचेचं केबिन, आत बसल्यावर गुडघे दाराला टेकायचे. मीटरवर लाल आकडे पळायचे आणि बोलणाऱ्याचे डोळे त्या आकड्यांवर. मेडिकलमध्ये गडचिरोलीपासून छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट यायचे, त्यांचे नातेवाईक माझं गिऱ्हाईक. गावात फोन एखाद्या किराणावाल्याकडे किंवा सरपंचाकडे, त्याला आम्ही पीपी नंबर म्हणायचो. पहिला कॉल "रामाजीला बोलवा" सांगायला, दहा मिनिटांनी दुसरा रामाजीशी बोलायला. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, तेव्हा खरी रांग लागे. ‘ऑपरेशन झालं, बरा आहे’ हे सांगायला लोक डबा मांडीवर घेऊन अकरा वाजायची वाट पाहत बसायचे. बातमी वाईट असली की मात्र दर कोणी विचारत नसे.

२००४ मध्ये मी बाजूचा गाळा घेऊन सहा संगणकांचं सायबर कॅफे टाकलं. स्काइप मला तिथे भेटलं, स्टेजवर नव्हे.

आता मुलीच्या प्रश्नाचं. पीसीओ बुडाला तो मोबाइलमुळे, आणि १ मार्च २००६ ला बीएसएनएलने देशात कुठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली तिच्यामुळे. एक रुपयात कन्याकुमारी म्हटल्यावर रात्री अकराची वाट कोण बघणार? स्काइपनं माझं फक्त आयएसडीचं, म्हणजे परदेशी कॉलचं, गिऱ्हाईक नेलं, आणि ते मुळातच थोडं होतं. अमेरिकेचा कॉल मिनिटाला चाळीस-पन्नास रुपये असताना धरमपेठ-रामदासपेठेकडचे आईबाप पोराला रविवारी तीन मिनिटं फोन करायचे, तोही हातात घड्याळ धरून. आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलणं कायदेशीर झालं, व्हीएसएनएल या कंपनीची परदेशी कॉलवरची मक्तेदारीही त्याच दिवशी संपली. जवळपास दीड वर्षानं, २९ ऑगस्ट २००३ ला, स्काइप बाहेर पडलं. कल्पना कितीही भारी असू द्या, हा कायदा दोन वर्षं उशिरा झाला असता तर माझ्या कॅफेत स्काइप लावायला मीच घाबरलो असतो. तुमच्या व्याख्यानात कायद्याचा एक शब्द नव्हता.

२००६ च्या सुरुवातीला त्यात व्हिडिओ आला. मी उधारीवर सहा वेबकॅम आणि सहा हेडफोन आणले. पहिल्या रविवारी नंदनवन वस्तीतल्या एक आजी आल्या. पडद्यावर नातू दिसताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मागे सुनेचे वडील बसलेले दिसले म्हणून. तासाचे वीस रुपये झाले, त्यांनी पन्नास दिले आणि परत घेईनात. त्या दिवशी मला वाटलं, आता पीसीओ गेला तरी चालेल. (वेबकॅमचे पैसे फिटायला पुढे वर्ष लागलं, ते वेगळं.)

तर स्काइपचा मला राग नाही. राग त्या फ्लेक्सचा आहे.

फ्लेक्सवरचे ते दोघे म्हणजे स्वीडनचा निकलस झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचा यानुस फ्रीस. शाळा अर्धवट सोडली ती फ्रीसनं. झेनस्ट्रॉमकडे उप्साला विद्यापीठाच्या दोन पदव्या आहेत, एक व्यवसाय प्रशासनाची आणि दुसरी अभियांत्रिकी भौतिकीची. दोघांचा फोटो लावून खाली एकाचंच चरित्र लिहिता, आणि तेही अभियांत्रिकी कॉलेजच्या दारात. हे काही बरं नव्हे.

फ्रीस शाळा सोडून काय करत होता, तर एका इंटरनेट कंपनीच्या मदत कक्षात लोकांच्या तक्रारी ऐकत होता. ‘नेट चालत नाही’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाशी दिवसभर बोलणं हे शिक्षणच आहे, मला विचारा. झेनस्ट्रॉम १९९१ पासून टेलिटू या कंपनीत होता. स्वीडनमधल्या सरकारी फोन कंपनीला टक्कर द्यायला निघालेली ही खासगी कंपनी. तिथेच त्याने वर्षानुवर्षं पाहिलं की एका कॉलला खर्च किती येतो आणि गिऱ्हाइकाकडून घेतात किती. डेन्मार्कमधलं काम बघताना त्याने फ्रीसला नोकरीवर घेतलं. म्हणजे स्काइपच्या आधी एकाची आठ-नऊ वर्षं फोनच्या धंद्याच्या पोटात गेली होती. ‘एक रात्र, एक कल्पना’ असं काही झालेलं नाही.

आणि प्रोग्राम लिहिला कोणी? आहती हेइन्ला, प्रीत कासेसालू आणि यान ताल्लिन या तिघा एस्टोनियन पोरांनी. शाळेतले दोस्त, सोव्हिएत काळात एकत्र संगणकाचे खेळ बनवणारे. टेलिटूच्या एका कामासाठी ते या दोघांना सापडले आणि मग सोबतच राहिले. एस्टोनियाची सगळी मिळून लोकसंख्या आपल्या नागपूर शहराहून कमी आहे! हा एवढा एक मुद्दा तुमच्या हॉलमधल्या पोट्ट्यांना सांगितला असता तर दोन गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त उभारी आली असती. पण या तिघांचे फोटो फ्लेक्सवर नव्हते.

स्काइपच्या आधी याच मंडळींनी काझा बनवलं होतं. एकाच्या संगणकातली गाणी दुसऱ्याने थेट उचलायची, मधे सर्व्हर नाही. माझ्या कॅफेत पोरं काझावरून गाणी उतरवायची आणि सोबत इतके व्हायरस आणायची की सोमवारी सगळी मशीन फॉरमॅट करावी लागत. संगीत कंपन्यांनी खटले भरले, या दोघांनी २००२ च्या सुरुवातीला काझा विकून टाकलं, तरी खटले पाठ सोडेनात. झेनस्ट्रॉम अमेरिकेत पाऊल ठेवायचं टाळायचा. आता गंमत बघा. काझात जी युक्ती वापरली तीच पुढे स्काइपमध्ये वापरली. गाण्यांच्या जागी आवाज. गाण्याला मालक होता, म्हणून कोर्ट. माणसाच्या आवाजाला मालक तो स्वतःच, त्याने आईशी बोलायला कोणाची परवानगी मागायची?

सप्टेंबर २००५ मध्ये ईबे या नेटवरच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीने स्काइप २६० कोटी डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याचे नोंदलेले वापरकर्ते ५ कोटी ४० लाख होते. तुमच्या वक्त्यांची गोष्ट इथे संपली आणि टाळ्या पडल्या. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ईबेला वाटलं होतं की विकणारे आणि घेणारे स्काइपवर बोलतील. त्यांना बोलायचंच नव्हतं. ज्याला बोलून घासाघीस करायची तो इतवारीच्या बाजारात जातो, संगणकावर कशाला बसेल? २००७ च्या ऑक्टोबरात ईबेने या सौद्यापोटी १४० कोटी डॉलर खर्ची टाकले आणि झेनस्ट्रॉम मुख्याधिकारीपदावरून उतरला. पुढे २००९ मध्ये ईबे स्काइपचा मोठा हिस्सा विकायला निघालं तेव्हा नवंच प्रकरण बाहेर आलं. ज्या मूळ प्रोग्रामवर स्काइप चालायचं, तो ईबेच्या मालकीचा नव्हताच! तो जोल्टिड नावाच्या वेगळ्या कंपनीकडे होता, आणि जोल्टिड या दोघांची. ईबेकडे फक्त वापरायचा परवाना. बिरबलाच्या गोष्टीतला तो माणूस आठवतो ना, विहीर विकली, पाणी विकलं नाही म्हणणारा? इथे बिरबल आला नाही. कोर्टकज्जे झाले, तडजोड झाली आणि या दोघांना नव्या स्काइपमध्ये १४ टक्के वाटा मिळाला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलर मोजले, तेव्हा त्या वाट्याचंही सोनं झालं. हुशारी म्हणा, लबाडी म्हणा. पण अब्जावधीचा सौदा करताना खरेदीखतात काय आहे हे न वाचणारी एवढी मोठी कंपनी हा तर तुमच्या वर्गात दोन तास पुरेल असा धडा आहे. आमच्याकडे खोली घेताना माणूस सातबारा, नकाशा, नळाची पावती सगळं उलटंपालटं करून बघतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते जूस्ट.

स्काइप विकल्यावर या दोघांकडे पैसा होता, नाव होतं, तेच एस्टोनियन आणि डच कारागीर होते आणि तीच युक्ती होती. त्यांनी ठरवलं, फोनचं केलं तेच आता टीव्हीचं करू. ‘व्हेनिस प्रोजेक्ट’ या टोपणनावाने काम सुरू झालं आणि जानेवारी २००७ मध्ये ‘जूस्ट’ असं बारसं झालं. संगणकावर पूर्ण पडदाभर टीव्ही, हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी. मे २००७ मध्ये त्यात साडेचार कोटी डॉलरची गुंतवणूक आली. पैसे घालणाऱ्यांत सिक्वोया आणि इंडेक्स या गुंतवणूक कंपन्या होत्या, हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग होते, शिवाय सीबीएस आणि व्हायाकॉमसारख्या टीव्ही कंपन्या. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोमधून माइक व्होल्पी मुख्याधिकारी म्हणून आले. कागदावर एवढी भक्कम कंपनी दुसरी दाखवा.

मी तेव्हा उत्साहात होतो. माझा साळा मानेवाड्याकडे केबल चालवायचा. त्याला म्हटलं, "भाऊ, तुझं आता संपलं. टीव्ही नेटवरून येऊन राहिला." तो खांबावर चढलेला होता. वरूनच म्हणाला, "जावई, तुमचं नेट आधी पाऊस आल्यावर चालू ठेवा."

एवढ्या एका वाक्यात त्याने जूस्टचं भविष्य सांगितलं. जूस्टचा स्वतःचाच हिशेब असा होता की तासाभराच्या पाहण्यात सुमारे ३२० एमबी उतरतात आणि १०५ एमबी वर जातात. आमच्याकडे अडीचशे रुपयांच्या घरगुती प्लॅनला महिन्याचा कोटा ४०० एमबी. म्हणजे सव्वा तास टीव्ही बघितला की महिना खल्लास, आणि पुढे एमबीगणिक पैसे. पाचशेच्या प्लॅनवाल्यांना रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असायचं, पण टीव्ही बघायला रात्री दोनचा गजर लावणारा माणूस मला अजून भेटायचाय. स्काइपचा आवाज गल्लीतल्या पातळशा तारेतूनही जायचा. जूस्टला त्याच तारेतून नदी सोडायची होती.

तार फक्त आपलीच पातळ होती असं समजू नका. अडचण दुसरीही होती आणि ती जास्त मोठी. टीव्हीच्या कार्यक्रमाला मालक असतो. प्रत्येक मालकाशी वेगळा करार, प्रत्येक देशाचे हक्क वेगळे. चांगले कार्यक्रम मालकांनी आपल्याजवळच ठेवले, जूस्टला दुय्यम माल मिळाला. काझाच्या वेळी परवानगी न घेतल्याने कोर्टात गेले होते, इथे परवानगी घेत बसले आणि गिऱ्हाईक गेलं. शिवाय जूस्टसाठी वेगळा प्रोग्राम उतरवून बसवावा लागे. त्याच वेळी यूट्यूब ब्राउझरमध्ये एका टिचकीत चालत होतं. फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झालेलं यूट्यूब गूगलने ऑक्टोबर २००६ मध्येच १६५ कोटी डॉलरला घेऊन टाकलं होतं. यूट्यूबवरचं चित्र धुरकट असायचं, पण ते लोकांनी स्वतःच टाकलेलं असायचं, मांजरीचं नि लग्नाचं. मार्च २००८ मध्ये अमेरिकेत नेटवर टीव्ही दाखवणारं हुलू सर्वांसाठी खुलं झालं, त्यात तर टीव्ही कंपन्याच मालक. जूस्टने २००८ मध्ये आपला प्रोग्राम सोडून ब्राउझरचा रस्ता धरला, पण गाडी सुटली होती. २००९ च्या जूनअखेर प्रेक्षकांसाठीचा धंदा आवरता घेतला, व्होल्पी पायउतार झाले आणि वर्ष संपायच्या आत उरलंसुरलं सामान ॲडकॉनियन या जाहिरात कंपनीने उचललं. त्याच व्होल्पींनी मग इंडेक्समधून स्काइप विकत घेणाऱ्यांत भाग घेतला, तर या दोघांनी त्यांच्यावरही दावा ठोकला. आमच्या महाल वस्तीत भाऊबंदकी असते, ती याच्यापुढे पोरखेळ.

फ्रीसला व्हिडिओचा नाद पुढेही सुटला नाही. २०१३ मध्ये ‘व्हीडिओ’ नावाची सेवा काढली, तीही त्याच वर्षी बंद. त्याची गाण्यांची आर्डिओ २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. झेनस्ट्रॉम लंडनमध्ये ॲटॉमिको काढून दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालतो. फ्रीस आणि तोच आहती हेइन्ला यांनी २०१४ मध्ये फुटपाथवरून सामान पोचवणारे रोबो बनवायची कंपनी सुरू केली. आपल्या सीताबर्डी मेन रोडवर तो रोबो किती वेळ टिकेल याच्यावर माझी पैज आहे.

तर माझं म्हणणं असं. माणसं तीच, डोकी तीच, युक्ती तीच, पैसा पहिल्यापेक्षा किती तरी जास्त. एकदा अब्जावधी आले, एकदा बुडालं. फरक त्या दोघांत नव्हता. फरक तारेत होता, कायद्यात होता, मालकी कोणाची यात होता, आणि तीन-चार वर्षं आधी की नंतर यात होता. हे तुमच्या पोरांना कोण सांगणार? तुम्ही त्यांना दोन चेहरे दाखवता आणि म्हणता, असे व्हा. मग पोरगा अपयशी झाला की त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी. आमच्या गल्लीतला एक हुशार पोरगा घरपोच भाजीचं ॲप काढून दीड वर्षात बुडाला आणि अजून मान वर करून बोलत नाही. त्याच्या बापाची पीएफची रक्कम त्यात गेली. त्याला त्या स्टेजवर कोणी बोलावलं नाही.

‘फुकट’ या शब्दाचंही एकदा नीट सांगा. स्काइप फुकट होतं, कारण कॉल वाहून न्यायला कंपनीची यंत्रं फारशी नव्हतीच. ज्यांचं कनेक्शन चांगलं त्यांचे संगणक ‘सुपरनोड’ व्हायचे आणि दुसऱ्यांची कामं करायचे, मालकाला पत्ताही नसे. (माझे सहा संगणक एका राउटरमागे होते, म्हणून बहुधा वाचले.) १६ ऑगस्ट २००७ ला जगभरची यंत्रं विंडोजच्या अपडेटनंतर एकदम पुन्हा सुरू झाली, सगळ्यांनी एकाच वेळी लॉगिन करायला गर्दी केली आणि स्काइप दोन दिवस आजारी पडलं. कॅफेत रांग लावून बसलेल्या आईबापांना मी काय सांगणार? "मशीन बिघडली" म्हटलं. शेवटी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुपरनोड स्वतःच्या सर्व्हरवर नेले. ज्या युक्तीवर हे साम्राज्य उभं राहिलं ती तेव्हाच संपली. स्काइप स्वतः ५ मे २०२५ ला बंद झालं.

मागणं फार नाही. पुढच्या ‘स्टार्टअप दिवसा’ला स्काइप सांगाल तेव्हा तेवढाच वेळ जूस्टला द्या. फ्लेक्सवर ते तीन एस्टोनियनही लावा. झेनस्ट्रॉमच्या टेलिटूमधल्या वर्षांबद्दल बोला, म्हणजे नोकरी करणं म्हणजे हरणं नव्हे हे पोरांना कळेल. भाजीवाल्या ॲपच्या पोराला बोलवा. तो तयार होतो का ते मी विचारतो, तुम्ही फक्त त्याला खुर्ची पहिल्या रांगेत द्या. आणि जमलं तर माझ्या साळ्याला बोलवा. त्याची केबल अजून चालू आहे, आता तो तिच्यावरूनच नेट देतो.

माझा पीसीओचा मीटर मी भंगारात दिला नाही. वायर जोडली की लाल आकडे अजून उजळतात, फक्त शेवटचा आकडा अर्धाच दिसतो, तीन आहे की आठ ते कळत नाही. पोरांना दाखवायला हवा असेल तर आणतो. रविवार सोयीचा, बाकी दिवशी दुकानात झेरॉक्स आणि रिचार्जची गर्दी असते.

आपला,
मेडिकल चौकातला एक माजी पीसीओवाला,
नागपूर